मसुरकर सरांची डावी बगल

परवा माझी नात न्हाणीघरातून एक बाटली घेऊन बाहेर आली. काखेत लावायची, घाम येऊ नये म्हणून. बाटलीच्या पाठीवर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत ॲल्युमिनियमचं कुठलंसं लांबलचक नाव होतं. "आजी, हे अंगाला वाईट असतं म्हणे. लावू की नको?" तिनं विचारलं. मी मराठीची मास्तरीण, मला कसलं विचारतेस, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "वायच थांबया."

हे शब्द माझे नव्हेत. मी साताऱ्याकडची. 'थोडं थांबू या' हे मालवणीत असं म्हणतात, ते मी मसुरकर सरांकडून शिकले, आणि ते म्हणताना माणसाच्या कपाळावर किती आठ्या पडतात तेही त्यांच्याकडूनच पाहिलं.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, हायस्कुलात, मी चोवीस वर्षांची असताना नोकरीला लागले. साल पन्नासच्या पुढचं, साठच्या अलीकडचं. 'घाटावरची बाई' म्हणून पोरं माझ्याकडे कुतूहलानं बघायची आणि मी समुद्राकडे भीतीनं बघायची. सर तिथं रसायन शिकवत. काडीपैलवान माणूस, पांढरा सदरा, लेंगा, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की घरी काहीतरी उघडं राहिलंय. प्रयोगशाळेला कुलूप लावायचे, तीनदा ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचे. पाणी दोनदा उकळल्याशिवाय प्यायचे नाहीत. तरीतून, म्हणजे होडीतून, खाडी ओलांडताना बरोब्बर मध्यावर बसायचे आणि पलीकडे उतरेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. पोरांनी त्यांचं नाव 'थांबया सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हतं.

त्यांची सगळ्यात मोठी काळजी म्हणजे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. खाऱ्या हवेनं डिंक सुटायचा, कागद कसर खायची. दर मे महिन्यात सर साऱ्या बाटल्या खाली काढून नव्या चिठ्ठ्या लिहीत बसायचे. "बाई, नावात चूक म्हणजे बाटलीत चूक," असं मला सांगायचे. मी मनात म्हणायची, वेड लागलंय या माणसाला. पुढं त्या वाक्यानं मला असं काही धरलं, की आजही औषधाच्या बाटलीवरचं नाव मी दोनदा वाचते.

अकरावीच्या वर्गात मथुरा नावाची एक मुलगी होती. तिची आई चंद्रभागा किनाऱ्यावर मासे विकायची. त्यांच्या वाडीतून तोवर एकही मुलगी मॅट्रिक झाली नव्हती. मथुरा हुशार होती, पण तिच्या तळहातांना घाम यायचा. तुम्हाआम्हाला येतो तसा नव्हे. हात पुसून वर धरला की बघता बघता थेंब जमायचे आणि मनगटावरून ओघळायचे. सहामाहीचा तिचा पेपर मी तपासायला घेतला तर सबंध पान निळं. शाई पसरून अक्षर अक्षराला मिळालेलं. मला वाटलं पोरीनं पाणी सांडलं, आणि मी तिला भर वर्गात बोलले. तिनं नुसता हात वर केला. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी पुढं शिकवलंच नाही.

बोर्डाचा परीक्षक काही तिचा हात बघणार नव्हता. असे पेपर गेले तर मुलगी नापास, हे स्पष्ट होतं. आणि नापास झाली की माशांची पाटी डोक्यावर, हेही स्पष्ट होतं.

आईनं घरचा उपाय करून बघितला होता. फटकी चोळायची. फटकी म्हणजे तुरटी. न्हावी दाढीनंतर फिरवतो ती, गढूळ पाण्यात फिरवतात ती. थोडा गुण यायचा, तासभर टिकायचा. मी ही गोष्ट सरांच्या कानावर घातली. सर म्हणाले, "वायच थांबया," आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांच्याकडच्या जाड इंग्रजी पुस्तकात म्हणे याच्यावर दोनच ओळी होत्या. तुरटीत जो धातू असतो त्याचंच दुसरं, जास्त कडक मीठ, ॲल्युमिनियम क्लोराइड, पाण्यात विरघळवून लावतात. सरांनी ते मुंबईहून मागवलं. पार्सल आलं त्या दिवशी सरांचा चेहरा घरात साप निघाल्यासारखा झाला होता.

पोरीच्या हाताला ते लगेच लावतील तर ते मसुरकर सर कसले! आधी त्यांनी ते स्वतःला लावलं. आणि तुलना करता यावी म्हणून फक्त डाव्या काखेत.

बाईमाणसानं परपुरुषाच्या बगलेकडे बघू नये हे मला कळतं. पण सर उजव्या हातानं फळ्यावर लिहीत आणि डाव्या हातानं पुसत, त्यामुळे दोन्ही हात सदा वर. आठवड्याभरात सगळ्या शाळेला दिसलं, की सरांचा सदरा उजवीकडे ओलाचिंब आणि डावीकडे कोरडा. पोरं पैजा मारायला लागली. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मसुरकरांना अर्धांगाचा झटका वगैरे..?" मला हसू आवरेना. सर मात्र रोज वहीत लिहीत होते. आज खाज. आज नाही. आज किंचित लाल.

मग एका रविवारी मसुरकर वहिनींनी सदरा दोरीवरून काढून आमच्या समोर धरला. डाव्या बगलेला बारीक बारीक भोकं पडली होती. वहिनी म्हणाल्या, "तुमचा औषध सदरो खाता. मगे चेडवाचो हात सोडतला काय?" चेडू म्हणजे मुलगी.

ते औषध पाण्याशी मिळालं की थोडं आम्ल तयार होतं, हे सरांना माहीत होतंच. पण माहीत असणं वेगळं आणि बायकोच्या हातातल्या सदऱ्यातून पलीकडचं आंगण दिसणं वेगळं. दोन दिवस ते जेवले नाहीत, असं वहिनींनी मला सांगितलं. मग त्यांनी औषधात पाणी वाढवलं आणि पुन्हा डाव्या काखेपासून सुरुवात केली.

परीक्षेला दीड महिना उरला तेव्हा त्यांनी चंद्रभागेला शाळेत बोलावलं. ती पाटी दाराबाहेर ठेवून प्रयोगशाळेत आली आणि बाटल्यांकडे बघत उभी राहिली.

"सरांनू, ह्या इख नाय मां?"

"इख नाय. फटकीतलोच धातू, पण मीठ दुसरा."

"कसलो धातू?"

"जर्मनच्या टोपाचो."

ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तेव्हा सगळे जर्मनची भांडीच म्हणत. चंद्रभागेच्या भुवया चढल्या. "आमच्या शेजारणीन त्या टोपात सोलांची कढी ठेवल्यान, तर टोपाक भोकां पडली. ती भोकां गेली खंय? पोटातच मां? आणि आता तुम्ही ताच कातडेक लावतास?" आणि मग तिनं जे विचारलं त्यानं सर खुर्चीतून उठलेच. "आणि मीठ म्हणतास! आम्ही मिठाचीच माणसां. माशाक मीठ लावला की मासो पाणी सोडता. तुमच्या मिठान हात पाणी बंद करतलो तो कसो?"

मी आजवर पुष्कळ विद्वानांची भाषणं ऐकली, पण इतका नेमका प्रश्न क्वचित ऐकला. सरांच्या तोंडावर भीती आणि आनंद एकदम आले. त्यांनी एका नळीत औषध घेतलं आणि त्यात दुसऱ्या बाटलीतले थेंब टाकले. नळीत पांढरं, लिबलिबीत काहीतरी तयार झालं. चंद्रभागा वाकून बघत म्हणाली, "ह्या माकुलासारखा दिसता." माकूल हा तिच्या पाटीतला रोजचा, बिनहाडाचा बुळबुळीत मासा.

"तसाच काय तरी घामाच्या वाटेत जाऊन बसता," सर म्हणाले. "वाट बंद. घाम भायर येणा नाय. थोड्या दिवसांनी कातडा झडता, मगे ता पण जाता."

"आणि आतलो घाम? तो खंय जाता?"

मला वाटलं आता सर काहीतरी शास्त्रोक्त सांगून वेळ मारून नेतील. पोटात धातू किती जातो, कातडीतून किती, याबद्दल चार मोठे शब्द टाकले असते तर त्या बाईनं मान डोलावली असती.

"माका ठावक नाय," सर म्हणाले. "कातडेतसून आत किती जाता, ता पण माका ठावक नाय. मी दोन महिने लावतंय. आजपर्यंत काय झाला नाय. उद्याचा मी सांगू शकणा नाय."

चंद्रभागा दाराबाहेर गेली. मग पाटी उचलताना म्हणाली, "ठावक नाय म्हणतास म्हणान इस्वास ठेवतंय. करा काय ता."

औषध लागू पडलं. झोपताना लावायचं, सकाळी धुऊन टाकायचं. दहा-बारा दिवसांत मथुरेचे हात कोरडे पडले. तिनं निबंध लिहून आणला तेव्हा मी तो वाचायच्या आधी नुसता कागद हातात धरून बसले. सगळी शाळा त्या औषधाला 'सरांची फटकी' म्हणायची. सर चिडायचे. "फटकी नव्हे! तुरटी निराळी, हे निराळं. नाव नीट घ्या." ऐकतो कोण? मीही 'फटकी'च म्हणायची. नुकती मालवणी शिकत होते, तोंडात शब्द घोळवायची हौस दांडगी.

परीक्षेचं केंद्र सावंतवाडीला होतं. पाच मुलींना घेऊन मी तीन दिवस आधी जाऊन तलावाजवळ एक खोली घेतली. सरांनी बाटलीला चिठ्ठी लावून दिली होती, 'स्वच्छ हातांना लावणे.' सर शिकवण्या सोडून येऊ शकत नव्हते, पण बस सुटेपर्यंत खिडकीशी उभे राहून त्यांनी बाटलीचं बूच तीनदा दाबून बघितलं.

आता स्वच्छ हात म्हणजे काय? मथुरेच्या वाडीतल्या घरांत कुठल्याही चांगल्या कामाआधी, देवाला हात लावायचा असो की औषधाला, आधी खळाखळा हात धुतात आणि तसेच ओले पुढं करतात. घरी मथुरा झोपताना लावायची, तोवर हात सुकलेले असायचे. सावंतवाडीला परीक्षेची भीती पोटात. तिनं पहाटे विहिरीवर हात धुतले आणि ओल्या हातांना औषध चोळलं. मग धीर यावा म्हणून पुन्हा धुऊन पुन्हा चोळलं. दुपारपर्यंत तळवे लालभडक झाले, बोटांच्या बेचक्यांत फोड आले. तिला मूठ मिटता येईना. परीक्षा परवावर आलेली.

माझी तर पाचावर धारण बसली. मी धावत स्टँडवर गेले. आमच्या गावाकडची गाडी सुटत होती. कंडक्टर ओळखीचा. त्याला ओरडून सांगितलं, "मसुरकर सरांना निरोप द्या! मथुरेला फटकी लागली! ताबडतोब या म्हणावं!"

पटकी म्हणजे कॉलरा. एका अक्षराचा फरक, आणि वर बसच्या इंजिनाचा आवाज. कंडक्टरनं 'पटकी' ऐकलं, तसंच तरीवर सांगितलं, तरीवरून किनाऱ्यावर गेलं, आणि संध्याकाळी चंद्रभागा सरांच्या दारात ऊर बडवत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं दोघं आली. चंद्रभागा स्टँडपासून आमच्या खोलीपर्यंत भर बाजारातून ओरडत आली, "माझ्या चेडवाक पटकी लागली गो बाये!" तिच्यामागं सर, हातात लिंबं, मीठ, साखर आणि दोनदा उकळलेल्या पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. त्यांच्यामागं बघे. आणि बघ्यांच्या मागोमाग आरोग्य खात्याचा एक इन्स्पेक्टर. घरमालकानं दारातूनच सांगितलं, खोली आत्ता रिकामी करा. इन्स्पेक्टर म्हणाला, या खोलीतली एकही मुलगी उद्या परीक्षेला बसणार नाही, तशी चिठ्ठी मी केंद्रावर देतो. चार मुली रडायला लागल्या. एकेकीच्या वर्षाचा प्रश्न होता, आणि मथुरेच्या तर सगळ्या आयुष्याचा.

मथुरा आत बसली होती. हात पोळलेले म्हणून मी तिला चमच्यानं पेज भरवत होते. मी सांगायला लागले, अहो पटकी नाही, फटकी, फटकी! पण माझ्या साताऱ्याच्या तोंडून ते कुणाला पटेना. इन्स्पेक्टर म्हणाला, "बाई, पटकीच म्हणताय ना तुम्ही?"

सरांनी मथुरेचे तळवे बघितले. एकदाच. त्यांना सगळं कळलं. मग वायच न थांबता त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली आणि तिची उष्टी पेज उभ्या उभ्या गटागटा पिऊन टाकली.

जो माणूस विहिरीचं पाणी दोनदा उकळायचा, त्यानं! त्यांच्या हनुवटीवरून पेज ओघळत होती. "साहेब," ते इन्स्पेक्टरला शुद्ध मराठीत म्हणाले, "हिला पटकी असती तर मी हे केलं असतं का? हिचे हात माझ्या औषधानं भाजलेत. चूक माझी आहे. लिहून घ्या." इन्स्पेक्टरनं हात बघितले, मुलीची जीभ बघितली, डोळे बघितले, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी खिशात परत घातली.

सगळे गेल्यावर सरांनी खायच्या सोड्याच्या पाण्यानं तिचे हात धुतले, खोबरेल लावलं. मी रडत म्हणत होते, माझी चूक, मी फटकी म्हटलं. सर म्हणाले, "नाय बाई. मी 'स्वच्छ' लिवलंय. 'कोरडे' लिवूक होया होता." मग मथुरेकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाले, "हात बरे झाल्यावर परत लावशील, तर लाव. नको असेल तर नको. पण जोवर तू लावतलंस, तोवर मी लावतलंय. तुझ्यापेक्षा दोन महिने म्होरं आसंय. काय व्हायचा ता आधी माका दिसतला."

परीक्षा तिनं औषधाशिवाय दिली. सरांनी टीपकागदाचे रुमालाएवढे तुकडे केले, केंद्रावर जाऊन प्रत्येक कोऱ्या तुकड्यावर पर्यवेक्षकाची सही घेतली, आणि ओळ संपली की तळव्याखालचा कागद कसा पुढं सरकवायचा ते तिला अर्धा दिवस शिकवलं. मग सगळे पेपर संपेपर्यंत केंद्रासमोरच्या झाडाखाली बसून राहिले. मथुरा पास झाली. निकालाचा नंबर सरांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा स्वतः वाचला.

पुढं ती रेडीला प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. दर दोन-तीन महिन्यांनी सर तिला कंडक्टरबरोबर बाटली पाठवत. चिठ्ठीवर 'कोरड्या' हा शब्द तांबड्या शाईनं, खाली तीन रेघा. सर शाळेत पर्यवेक्षक झाले, काळा कोट घालायला लागले, आणि त्यांच्या बगलेवरच्या पैजा पोरं विसरून गेली. मीही विसरले.

सात वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि मी ते गाव सोडलं. मे महिना होता. सर स्टँडवर पोचवायला आले. माझी ट्रंक टपावर चढवायला हमाल सापडेना, तेव्हा सरांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि ट्रंक दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. टपावरचा माणूस दोर शोधत होता. सर तसेच हात वर करून उभे.

उजवी बगल घामानं निथळत होती. डाव्या बगलेला वहिनींनी लावलेलं ठिगळ होतं, आणि ती कोरडी ठणठणीत होती.

मी म्हटलं, "सर, अजून लावता?"

ट्रंक वर गेली. सरांनी घाईनं हात खाली घेतले आणि माझ्या हातातला कोट ओढून तशा उन्हात अंगात चढवला.

"ती लावता मां अजून," ते म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली. सर खिडकीशी आले, आणि मी कडी नीट लावली आहे ना ते बघत म्हणाले, "वायच थांबया, बाई. अजून काय कळाक नाय."